साठी उलटली की बहीण परकी?



एक हिशेब मांडतो. आमचा धंदाच हिशेबाचा, त्यामुळे भाषण ठोकण्यापेक्षा हेच बरे.

पांढुर्णा तहसीलमधले कोणतेही एक घर धरा. चार एकर शेत, त्यातले दोन एकर संत्रा, बाकी कापूस आणि तूर. डोक्यावर सोसायटीचे कर्ज. मुलगा नागपूरला कंपनीत, त्याचा संसार वेगळा. घरी दोघेच. बाईचे वय ५९. मध्य प्रदेश शासन या बाईला बहीण म्हणते. लाडली बहना योजनेत जून २०२३ पासून १००० रुपये, ऑक्टोबर २०२३ पासून १२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १५०० रुपये महिना तिच्या खात्यात पडत आले. अटी कोणत्या? वय २१ ते ६०, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, शेती पाच एकरांच्या आत, घरात आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, चारचाकी नको. ट्रॅक्टर चालतो. आपली ही बाई सगळ्या अटींत बसते.

आता तिला साठ वर्षे पूर्ण झाली. शेत तेवढेच, कर्ज तेवढेच, फक्त गुडघे गेले. बहिणीचे पैसे बंद झाले. म्हणून तिने वृद्धावस्था पेन्शनचा अर्ज करायचे ठरवले, तर पहिलाच प्रश्न येतो : गरिबी रेषेच्या यादीत नाव आहे का? नाही. मग अपात्र. यादीत नाव असते तर २०१९ पासून चालत आलेले ६०० रुपये मिळाले असते. म्हणजे यादीत नाव असलेली बाई साठाव्या वर्षी १५०० वरून ६०० वर येते, आणि नाव नसलेली १५०० वरून थेट शून्यावर.

हातपाय चालत होते तोवर १५००, आणि हातपाय थकले की शून्य! कोणत्या शास्त्रात बसते हे? माहेरचा भाऊसुद्धा बहीण म्हातारी झाली म्हणून भाऊबीज बंद करत नाही.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. म्हाताऱ्याची पात्रता त्याच्या वयावरून ठरावी, अपंगाची त्याच्या अपंगत्वावरून ठरावी, आणि गरिबीच्या जुन्या यादीचा दरवाजा या दोघांपुढून काढून टाकावा. ज्यांचे खरोखर बरे चालले आहे त्यांना वगळायला आयकराची आणि सरकारी पेन्शनची अट पुरेशी आहे.

पंचाहत्तर रुपयांपासूनची कहाणी

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला केंद्राकडून महिन्याला ७५ रुपये मिळत. २००६ साली त्याचे २०० झाले. नोव्हेंबर २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि ‘निराधार’ या शब्दाच्या जागी ‘गरिबी रेषेखालील’ हा शब्द आला. २००९ मध्ये विधवा आणि अपंग यांच्या वेगळ्या पेन्शन आल्या. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ८० वर्षांवरच्यांसाठी केंद्राचा वाटा ५०० झाला.

पण ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा किती राहिला? तेच २००६ चे २०० रुपये. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. वरची रक्कम राज्याने आपल्या खिशातून घालायची. आपल्या राज्यात ती मिळून ३०० होत होती, २०१९ साली ६०० झाली. त्या वेळी मुख्यमंत्री आपल्याच छिंदवाड्याचे कमलनाथ होते. त्यांचे श्रेय त्यांना देऊ. पण ६०० म्हणजे दिवसाला वीस रुपये. वीस रुपयांत म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या की दूध, हे दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी एकदा सांगावे.

आम्ही बँकेत नोकरी करतो, म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगावी लागते. बँक कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी महागाईच्या आकड्याला लावून तपासला जातो. सरकारी पेन्शनरांचा महागाईचा दिलासा वर्षातून दोनदा ठरतो. २००६ पासून आमचा भत्ता पाऊणशेहून जास्त वेळा तपासला गेला असेल. गरीब म्हाताऱ्याच्या २०० रुपयांना मात्र महागाईच लागत नाही असे दिसते! अमेरिकेत वृद्ध, अंध आणि अपंग यांच्यासाठी १९७४ पासून अशीच योजना चालते. तिथे केंद्राची रक्कम महागाईप्रमाणे वाढते आणि अनेक राज्ये त्यावर आपली भर घालतात. आपल्याकडेही रचना तीच, केंद्राची रक्कम आणि वर राज्याची भर. फरक एवढाच की आपल्याकडे पायाच वीस वर्षे थिजलेला.

तेरा प्रश्नांची यादी

आता त्या यादीकडे वळू. गावांतल्या गरिबी रेषेच्या यादीचा पाया २००२ च्या सर्वेक्षणात आहे. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जमीन किती, घर कसे, अंगावरचे कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का, शौचालय आहे का, घरात वस्तू कोणत्या, शिक्षण किती, कर्ज कोणाचे, असे ते प्रश्न. गुण जितके कमी तितके गरीब. नंतर नावे जोडली गेली, कापली गेली, पण पाया तोच राहिला.

त्या सर्वेक्षणाच्या वेळी जो चाळीस वर्षांचा धडधाकट बागायतदार होता, तो आज साठी ओलांडून गेला. मधल्या काळात बाग वाळली, बोअर आटली, शेताच्या तीन वाटण्या झाल्या, बायको गेली. यादीला यातले काही कळले का? त्या वेळी घर पक्के होते म्हणून तो बाहेर राहिला, तो बाहेरच. आणि त्याच गावात ज्याची पंच-सचिवांशी ऊठबस होती त्याचे नाव यादीत चढले आणि चढलेलेच राहिले. दारात मोटार आणि भिंतीवर गरिबी रेषेचा नंबर, असे घर आपल्यापैकी कोणी पाहिले नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

कायद्याने यादीत नाव जोडता येते. अर्ज तहसीलमध्ये जातो, पटवाऱ्याचा अहवाल येतो, मग निर्णय होतो. पण सत्तर वर्षांच्या माणसाने आधी आपण गरीब आहोत हे सिद्ध करायचे आणि त्यानंतर आपण म्हातारे आहोत हे सिद्ध करायचे, ही दुहेरी परीक्षा कशासाठी? म्हातारपण तोंडावर दिसते. त्याला पटवाऱ्याचा अहवाल लागत नाही.

मुलगा म्हणजे पेन्शन?

शासन म्हणेल, गरिबीची अट काढता येत नाही. आम्ही म्हणतो, तुम्ही स्वतःच ती तीन ठिकाणी काढली आहे.

पहिले, २०१३ ची मुख्यमंत्री कन्या अभिभावक पेन्शन. ज्या जोडप्याला फक्त मुलीच आहेत, हयात मुलगा नाही, दोघांपैकी एकाचे वय ६० झाले आहे आणि आयकर भरत नाहीत, त्यांना पेन्शन. गरिबी रेषेची अट नाही. दुसरे, २०१८ ची मुख्यमंत्री कल्याणी पेन्शन. विधवा भगिनीला १८ वर्षांपासून पुढे पेन्शन. गरिबी रेषेची अट नाही. केंद्राची विधवा पेन्शन मात्र चाळिशीनंतर आणि गरिबी रेषेखालीच. तिसरे, सहा वर्षांवरच्या बहुविकलांग आणि मतिमंद मुला-माणसांची आर्थिक मदत. तिथेही गरिबीची अट नाही.

या तिन्ही योजना चांगल्या आहेत. ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनी आजच आपल्या मोहल्ल्यात विचारपूस करावी, कारण आपल्याच समाजात किती तरी पात्र घरे अर्जच करत नाहीत. पण पहिल्या योजनेतला विचार नीट पाहा. मुलगा नाही, म्हणून पेन्शन. म्हणजे मुलगा असला तर पेन्शनची गरज नाही, असे शासनाने गृहीत धरले आहे. मुलगा हीच पेन्शन!

आमच्या काउंटरवर या. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाचा पीथमपूरला, कोणाचा नागपूरच्या हिंगण्यात. बारा-पंधरा हजारांची नोकरी, त्यात खोलीचे भाडे, मुलांची फी. तो घरी काय पाठवणार? काही मुले पाठवतात, त्यांना नमस्कार. काही पाठवू शकत नाहीत. काही पाठवू शकतात पण पाठवत नाहीत. या तिसऱ्या जातीसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. न्यायाधिकरणासमोर अर्ज करून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. पण आपल्या पोराविरुद्ध कचेरीत उभी राहणारी आई आपल्या भागात किती सापडेल? ती उपाशी राहील, पण पोराचे नाव कागदावर घालणार नाही. तिच्या या मायेचा फायदा शासनाने घ्यावा का?

आणखी एक दाखला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने ७० वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे कार्ड खुले केले. तिथे फक्त वय पाहिले जाते. मग दवाखान्यात भरती होण्यासाठी जे वय पुरते, तेच वय घरी दोन घास खाण्यासाठी का पुरत नाही?

‘खात्यापित्या घराने हात पसरू नये’

आता थोडे आपल्यातल्याच मंडळींशी बोलू. हे बोलणे कडू लागेल.

आपण या भागातले जुने रहिवासी. भोसल्यांच्या काळापासून, काही घरे त्याही आधीपासून इथे आहेत. कोणाच्या आजोबांनी मालगुजारी पाहिली, कोणाच्या वाड्याची भिंत अजून उभी आहे. त्यामुळे आपल्या बैठकीत पेन्शनचा विषय निघाला की कोणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतात : “आपल्या घरची म्हातारी सरकारी सहाशे रुपयांसाठी रांगेत उभी राहणार? लोक काय म्हणतील?”

काका, तुमचा मान राखून विचारतो. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये २०१९ पासून तुमच्या खात्यात येत आले ना? राज्याच्या किसान कल्याण योजनेचे आणखी ६००० त्यावर पडले ना? दोन्ही मिळून वर्षाला बारा हजार, महिन्याला हजार. त्यासाठी गरिबी रेषेचा दाखला कोणी मागितला का? खताची सबसिडी, पीक विमा, विजेची सवलत, कर्जमाफीची यादी, यांतले काही घेताना आपली मान खाली गेली नाही. मग जिने त्याच शेतात चाळीस वर्षे निंदण-खुरपण केले, पण जिच्या नावावर सातबारा नाही, खसरा नाही, तिने तेवढेच मागितले तर घराण्याची अब्रू कशी जाते?

सातबारा वरुडकडचा झाला, आपल्याकडे खसरा-खतौनी. पण दोन्हीकडे नाव पुरुषाचेच.

राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक मदतीचा हक्क लिहिला आहे. राज्याने आपल्या आर्थिक ताकदीप्रमाणे तो द्यावा, असे तिथे म्हटले आहे. भिक्षा, दान, उपकार हे शब्द त्यात नाहीत. साबण, चहापत्ती घेताना प्रत्येक म्हातारी या ना त्या रूपाने कर भरत आली. ती आपलेच पैसे परत मागते.

आणि ही लाज आपल्याला महागात पडते. आपण मागत नाही, म्हणून आकडा लहान दिसतो. आकडा लहान दिसतो, म्हणून पुढारी विषय काढत नाही.

टक्क्यांची शिडी

अपंग बंधू-भगिनींची कथा आणखी विचित्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के अपंगत्व हा मापदंड ठरला आणि अपंगत्वाचे प्रकार सातचे एकवीस झाले. पण केंद्राच्या अपंग पेन्शनला ८० टक्के लागतात, वय १८ ते ७९ लागते आणि गरिबी रेषाही लागते. केंद्राचा कायदा ४० म्हणतो आणि केंद्राचीच पेन्शन ८० म्हणते. ४० ते ८० च्या मधला माणूस राज्याच्या दारात उभा राहतो.

ज्याचा एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला आहे, त्याला नियमाने ३० टक्के मिळतात. म्हणजे शिडीच्या पहिल्या पायरीवरही त्याचा पाय पोचत नाही. रात्री बागेत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचा एक डोळा गेला तर त्याचे काय होते, हे टक्के मोजणाऱ्याला कोण सांगणार?

याच कायद्याच्या २४व्या कलमात एक ओळ आहे, जी आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. अपंगांना सामाजिक सुरक्षेच्या योजनेत मिळणारी रक्कम तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. वृद्धाला ६०० तर अपंगाला किती? सव्वापट, म्हणजे ७५०. मग २०१९ साली दोघांनाही सारखेच ६०० कसे ठरले? हा हिशेब आठवीच्या पोराला येतो. भोपाळच्या वित्त विभागाला येत नसेल तर आम्ही येऊन शिकवायला तयार आहोत.

‘पैसा कुठून आणणार?’

हा प्रश्न येणारच. उत्तर सोपे आहे. सव्वा कोटीच्या आसपास बहिणींना दर महिन्याला पैसे देणे २०२३ मध्ये याच राज्याला जमले. निवडणुकीच्या वर्षात तिजोरी उघडते आणि म्हातारे दिसले की किल्ली हरवते, असे होऊ नये. लाडली बहनाला आमचा विरोध नाही, आमच्याही घरच्या बहिणी तिच्यात आहेत. आमचे म्हणणे एवढेच की तीच बहीण साठीनंतर आई होते, आजी होते. तिचे नाव कापू नका, नुसते रजिस्टर बदला.

इतर राज्यांकडे पाहा. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून वृद्धांची पेन्शन ४००० आणि अपंगांची ६००० केली. बिहारने २०२५ मध्ये ४०० चे ११०० केले. ज्या बिहारला आपण गरीब म्हणून नावे ठेवतो, तो या बाबतीत आपल्या पुढे गेला!

आणि आपल्या शिवेपलीकडे? वरुड, नरखेड, काटोल, सावनेर इथे आपल्या लेकी दिल्या आहेत, तिथून सुना आल्या आहेत. तिकडे १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये तिथे हजाराचे दीड हजार झाले आणि २०२५ मध्ये अपंगांसाठी अडीच हजार ठरले. तिकडेही सगळे गोड नाही. वर्षाला २१ हजार उत्पन्नाची अट म्हणजे महिन्याला १७५० रुपये, आणि एवढ्यात कोण जगते? पण रकमेचा फरक डोळ्यांत भरतो. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक वरुडला दिलेली, एक पांढुर्ण्यात. दोघी सत्तरीच्या. एकीला दीड हजार, दुसरीला सहाशे किंवा काहीच नाही. आणि कोणी म्हणेल चला पलीकडे जाऊन राहू, तर तिथे पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट आहे. सत्तराव्या वर्षी पंधरा वर्षे थांबायचे!

दुसरी हरकत अशी की लोक खोटे वय लावतील. लावतील, थोडे लावतील. पण आज उलटे जास्त घडते. आधार काढताना अंदाजाने वय लिहिले गेले, १ जानेवारी ही जन्मतारीख पडली, आणि पासष्टीचा माणूस कागदावर अठ्ठावन्नचा राहिला. आमच्या काउंटरवर १ जानेवारीला जन्मलेल्यांची एवढी गर्दी आहे की त्या दिवशी गावभर वाढदिवस साजरा करावा. खोट्याला पकडण्यासाठी शंभर खऱ्यांना दाराबाहेर ठेवणे हा कुठला न्याय?

‘ळ’ मुळे थांबलेली पेन्शन

पात्र ठरल्यावरही सगळे सुरळीत होत नाही. इथे आपल्या भाषेचा प्रश्न येतो.

आपल्याकडे बाईचे नाव तीन शब्दांचे : स्वतःचे, नवऱ्याचे, आडनाव. समग्र आय.डी. मध्ये ते दोन शब्दांचे होते. एका कागदावर नावापुढे ‘बाई’ लागते, दुसऱ्यावर नाही. माहेरचे आडनाव मतदार यादीत, सासरचे आधारवर. आणि ‘ळ’ तर हिंदी कारकुनाच्या कळफलकावर असून नसल्यासारखा. काळे यांचे काले, धवळे यांचे धवले. मग ई-केवायसी करताना मशीन म्हणते, नाव जुळत नाही. वर बोटांचे ठसे. आयुष्यभर कापूस वेचून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, त्यांना मशीन ओळखत नाही. जिवंत माणूस समोर उभा आणि कागद म्हणतो ओळख पटली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला भाग इकडेच राहिला. त्याच वर्षी भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने जो खलिता ठरवला, त्यात ज्या भागात अशी लोकसंख्या १५ ते २० टक्के आहे तिथे महत्त्वाचे सरकारी नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, असे म्हटले आहे. घटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने तक्रार-अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क दिला आहे. पांढुर्णा-सौंसरमध्ये मराठी माणूस १५ टक्के आहे की किती, हे आम्ही सांगायला हवे का? मग पेन्शनचे नियम मराठीत कुठल्या भिंतीवर लागले आहेत, कोणी पाहिले असतील तर दाखवावेत. आम्ही हिंदीचे वैरी नाही, आमची मुले हिंदीतच शिकतात. पण ऐंशी वर्षांच्या आजीला ‘परित्यक्ता’, ‘निराश्रित’, ‘हितग्राही’ हे शब्द कोण समजावून सांगणार?

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर मिळून. किती वर्षांची मागणी होती ती! त्याआधी एका सहीसाठी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा गाठावा लागे. जिल्हा जवळ आला, तसा हक्कही जवळ यायला हवा. नुसत्या पाट्या रंगवून जिल्हा होत नाही.

आता काय मागायचे, काय करायचे

आमच्या मागण्या अशा :

१. ६० वर्षांवरच्या प्रत्येकाला पेन्शन द्या. वगळायचे असेल तर आयकर भरणाऱ्यांना आणि सरकारी पेन्शनरांना वगळा. गरिबी रेषेची अट रद्द करा.

२. लाडली बहनामधून साठीला बाहेर पडणाऱ्या बाईला नव्याने अर्ज करायला लावू नका. तिचे नाव आपोआप पेन्शनमध्ये घ्या आणि रक्कम कमी करू नका.

३. अपंगांना कायद्याप्रमाणे किमान २५ टक्के जास्त द्या.

४. केंद्राचा वाटा महागाईला बांधा. यासाठी आपल्या खासदारांनी लोकसभेत तोंड उघडावे.

५. पेन्शनचे नियम आणि अर्ज पांढुर्णा जिल्ह्यात मराठीतही द्या.

६. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला सगळे प्रशासन जाम नदीच्या काठी उभे राहते. पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका, सगळे. दगड मारणाऱ्यांसाठी एक दिवस मिळतो, तसा म्हाताऱ्या-अपंगांसाठीही वर्षातून एक दिवस द्या. पांढुर्ण्यात एक आणि सौंसरमध्ये एक शिबिर. वैद्यकीय मंडळ, आधारची दुरुस्ती, समग्रची दुरुस्ती आणि बँक, सगळे एका मांडवाखाली.

मागण्या सरकारकडे. पण आपल्याही वाट्याला काम आहे. प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोन तरुणांनी साठीवरच्यांची, विधवांची, अपंगांची आणि फक्त मुली असलेल्या जोडप्यांची यादी करावी, आणि ती करताना जात किंवा पक्ष बघू नये. ज्यांना कल्याणी किंवा कन्या अभिभावक पेन्शन लागू होते त्यांचे अर्ज आधी भरावेत, कारण तिथे गरिबीची अटच नाही. अर्ज लोकसेवा केंद्रात द्यावा आणि पावती घ्यावी. पावती नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याखाली ठराविक मुदतीत निर्णय मिळाला पाहिजे, उशीर झाला तर अपील आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे ५००० पर्यंत दंड होऊ शकतो. मंगळवारच्या जनसुनवाईत म्हाताऱ्या माणसासोबत एक शिकलेला माणूस जावा. १८१ वर तक्रार केली की तिचा नंबर वहीत लिहून ठेवावा आणि समाधान न होता ती ‘बंद’ करायला होकार देऊ नये.

बँकेतल्या आमच्या भावाबहिणींनाही सांगणे आहे. पेन्शनसाठी उघडलेले शून्य शिल्लकीचे खाते दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय ठरवायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल २०२४ पासून लागू झाला. म्हातारी खिडकीपाशी आली तर तिला ‘उद्या या’ म्हणू नका. तिच्या सहाशेतले शंभर रुपये ऑटोत जातात.

निवडणुका पुन्हा येतील. हात येईल, कमळ येईल, आणखी कोणी येईल. दारात येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : साठीनंतर आमची आई तुमची कोण लागते? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर सहीनिशी घ्या. ज्याला सही करता येत नाही, त्याच्यापुढचे बटण आपल्यालाही दाबता येत नाही, असे त्याला शांतपणे सांगा.